टाकीचे घाव, देवपण आणि शिल्पकार

इंदूर : ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो, की ती कोणाला ऐकवत आहोत याचे भानही राहत नाही. नापास झालेल्या विद्यार्थ्याला ती ऐकवली जाते, धंद्यात बुडालेल्या माणसालाही ऐकवली जाते. रणांगणावरून जखमी होऊन परतलेल्या सैनिकाच्या कानी ती पडते, तेव्हा मात्र तिचे वजन बदलते. त्याने सोसलेला घाव शब्दशः घाव असतो. पाय गेलेला असतो किंवा शेजारी उभा असलेला जोडीदार डोळ्यांदेखत गेलेला असतो. अशा माणसाला ‘यातून तू मोठा होशील’ असे सांगणे हा धीर आहे, की आपली जबाबदारी टाळण्याचा सभ्य मार्ग आहे, हा प्रश्न येत्या काळात टाळता येणार नाही.

हा प्रश्न इंदुरात विशेष तीव्रतेने जाणवतो, याचे कारण शहरापासून पंचवीस किलोमीटरच्या आत असलेले महू, म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी ही छावणी वसवली. कोकणातल्या आंबडवे गावचे सुभेदार रामजी सकपाळ येथील लष्करी शाळेत होते आणि त्यांच्या पोटी १८९१ मध्ये बाबासाहेबांचा जन्म याच छावणीत झाला. आज इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज आणि लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय अशा तीन मोठ्या संस्था महूत आहेत. पायदळातील तरुण अधिकारी लढाईचे पहिले धडे येथेच गिरवतो. गोमंतकीय वाचकाला ही संस्था वाटते तितकी दूरची नाही. इन्फंट्री स्कूलची एक शाखा आपल्या शेजारी बेळगावात आहे. लढायला कसे जावे, हे शिकवण्याची आपली व्यवस्था इतकी जुनी आणि इतकी पक्की आहे. लढून परत कसे यावे, हे शिकवणारी तेवढी भक्कम व्यवस्था आपण उभारली आहे का?

प्रश्न आजचा आहे, कारण अग्निपथ योजनेतून लष्करात दाखल झालेल्या पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले आणि तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस संपत आहेत. यांपैकी जास्तीत जास्त पंचवीस टक्के तरुण कायम सेवेत घेतले जातील, असे योजनेचे मूळ सूत्र सांगते. उरलेले घरी परततील. मे २०२५ मधील संघर्षाच्या काळात सीमेवर अग्निवीरही तैनात होते. विशीतच तोफगोळ्यांचा आवाज ऐकलेला, पण निवृत्तिवेतन नसलेला आणि ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नसलेला असा एक नवा वर्ग आपल्या गावांत येऊन राहणार आहे. त्याच्या मनात काय चालले असेल, याचा विचार आताच करायला हवा.

संकल्पना काय सांगते

युद्धाच्या आघाताने मन मोडते, हे आता सर्वमान्य आहे. आघातोत्तर तणावविकार, म्हणजे ज्याला वैद्यकीय व्यवहारात पीटीएसडी म्हणतात, त्याची लक्षणे अनेकांना ठाऊक झाली आहेत. त्याच आघातातून काही माणसे पूर्वीपेक्षा अधिक समंजस, अधिक खंबीर होऊन बाहेर येतात, हे निरीक्षण मात्र तितके परिचित नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट शाखेतील रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास या अनुभवाला ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक ग्रोथ’ असे नाव दिले. मराठीत त्याला आघातोत्तर विकास म्हणता येईल. १९९६ मध्ये त्यांनी एकवीस प्रश्नांची एक मोजपट्टीही तयार केली. माणूस पाच अंगांनी बदलू शकतो, असे ती मानते. स्वतःच्या ताकदीची जाणीव, इतरांशी अधिक जवळीक, आयुष्यात नव्या वाटा दिसणे, जगण्याचे मोल कळणे आणि आध्यात्मिक जाण, ही ती पाच अंगे होत.

या विचाराची पाळेमुळे याहून जुनी आहेत. व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामच्या कैदेत राहून आलेल्या अमेरिकी हवाई दलाच्या जवानांचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साठ टक्क्यांहून अधिक जणांनी, या कैदेतून आपल्याला मानसिकदृष्ट्या काही लाभले, असे नमूद केले होते. पुढे २०१५ मध्ये तीन हजारांहून अधिक अमेरिकी माजी सैनिकांच्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष आले. निम्म्या माजी सैनिकांनी आपल्या सर्वांत वाईट अनुभवानंतर किमान मध्यम प्रमाणात असा विकास झाल्याचे सांगितले. ज्यांच्यात तणावविकाराची लक्षणे आढळली, त्यांच्यात हे प्रमाण ७२ टक्के होते.

हा दुसरा आकडा नीट समजून घ्यायला हवा. ‘एक तर माणूस मोडतो, नाही तर घडतो’ अशी आपली ढोबळ समजूत असते. प्रत्यक्षात अनेकदा एकाच माणसात दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. रात्री दचकून उठणारा माणूस दिवसा दुसऱ्याच्या दुःखाकडे अधिक हळुवारपणे पाहू लागलेला असतो. त्याच्या वागण्यात मोठेपणा दिसला म्हणून त्याचे दुखणे संपले, असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. दुखणे आहे म्हणून त्याला ‘कामातून गेला’ असे समजणे हीदेखील तेवढीच मोठी चूक.

त्याच पाहणीतली आणखी एक बाब आपल्या उपयोगाची आहे. ज्यांचे इतरांशी घट्ट संबंध होते, ज्यांच्या जगण्याला काही हेतू होता, ज्यांना श्रद्धेचा आधार होता, त्यांच्यात विकास अधिक आढळला. यांपैकी श्रद्धा ज्याची त्याची असते. माणसांची सोबत आणि जगण्याचा हेतू या दोन गोष्टी मात्र आजूबाजूचा समाज देऊ शकतो किंवा नाकारूही शकतो.

पानिपतानंतरचे दोन तरुण

ही संकल्पना नाव घेऊन आली पश्चिमेकडून. अनुभव मात्र मराठी मुलखाला परका नाही. आपल्या भाषेत ‘पानिपत’ हा शब्दच मुळी आघाताचा पर्याय झाला आहे. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसातून जिवंत परतलेल्या दोन तरुणांची उदाहरणे येथे आठवतात.

पहिला महादजी शिंदे. पळताना पाठलाग करणाऱ्या अफगाण स्वाराने त्याच्या पायावर केलेला वार त्याला जन्मभर लंगडा करून गेला. रणभूमीजवळ पडलेल्या महादजीला राणेखान नावाच्या भिस्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने, बैलावर घालून सुरक्षित जागी नेले, अशी कथा इतिहासात रूढ आहे. महादजीने पुढे त्याला भाऊ मानले आणि ‘राणेखान भाई’ त्याच्या फौजेतला एक प्रमुख सरदार झाला. अवघ्या दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी बादशहा शाह आलम महादजीच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत परतला. माळव्यात, इंदुरापासून जवळच असलेल्या उज्जैनीत, शिंद्यांची गादी होती. त्यामुळे हा इतिहास येथल्या मातीतलाच आहे.

दुसरा नाना फडणवीस. पानिपताच्या वेळी तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. जीव वाचवून तो परतला, पण बरोबर असलेली आई कायमची गमावून. या काळाविषयी त्याने लिहिलेले छोटेखानी आत्मवृत्त उपलब्ध आहे. मराठीतल्या आत्मपर लेखनाचा तो एक आरंभीचा नमुना मानला जातो. त्यात पलायनाची हकीकत आहे आणि स्वतःच्या मनातील दुबळेपणाची विलक्षण मोकळी कबुलीही आहे. आजचे मानसशास्त्र ज्याला ‘अनुभवाची सुसंगत मांडणी’ म्हणते आणि जिला आघातोत्तर विकासाची एक पायरी मानते, ती या एकोणिशीतल्या तरुणाने अडीचशे वर्षांपूर्वी कागदावर उतरवली होती.

मात्र या उदाहरणांवरून घाईने निष्कर्ष काढण्यात एक धोका आहे. महादजी सरदार होता, नाना फडणिशीच्या घराण्यात जन्मलेला होता. दोघांनाही परतल्यावर उभे राहायला जागा होती, करायला काम होते. त्याच रणातून अंगावरच्या वस्त्रांनिशी परतलेल्या हजारो बारगिरांचे पुढे काय झाले, याची बखर कोणी लिहिली नाही. ज्यांचा विकास झाला त्यांचाच इतिहास उरतो आणि मग घावामुळेच विकास झाला असे वाटू लागते. शिवाय महादजीच्या कथेतला निर्णायक क्षण त्याच्या स्वतःच्या शौर्याचा नाही. तो राणेखानाच्या बैलाचा आहे. कोणीतरी थांबले, वाकले आणि उचलून घेतले, म्हणून पुढचा सगळा इतिहास घडला.

खडकीचा धडा

महादजीची छत्री पुण्याजवळ वानवडीला आहे. योगायोग असा, की युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना कृत्रिम अवयव देणारे लष्कराचे केंद्रही वानवडीच्याच लष्करी परिसरात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये सुरू झाले. जवळच खडकीला जखमी सैनिकांना नवे हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही पहिल्या महायुद्धाच्या वेळची, १९१७ साली स्थापन झालेली संस्था आहे, आणि मणक्याच्या दुखापतीने कमरेखालचे किंवा मानेखालचे बळ गमावलेल्या सैनिकांसाठी १९७४ पासून चालणारे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. सैनिकाच्या विकासाची कथा सांगायची तर ती या इमारतींपासून सांगायला हवी.

मुरलीकांत पेटकर हे नाव ‘चंदू चॅम्पियन’ या २०२४ मधील चित्रपटामुळे घरोघरी पोहोचले. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा हा जवान लष्करात मुष्टियोद्धा म्हणून नाव कमावत होता. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्याच्या शरीरात अनेक गोळ्या शिरल्या आणि कमरेखालचे बळ गेले. मुंबईतील ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्याला पाण्यात उतरवण्यात आले. मुष्टियुद्ध संपले होते. पोहणे सुरू झाले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग येथे पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल प्रकारात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिलेच वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये, आणि जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार दिला तो जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पदकानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने.

नागालँडचे होकाटो होटोझे सेमा यांची कथा अलीकडची आहे. आसाम रेजिमेंटच्या या जवानाने २००२ मध्ये जम्मू-काश्मीरमधील घुसखोरीविरोधी कारवाईत भूसुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गमावला. गोळाफेकीकडे ते वळले २०१६ मध्ये, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रातील एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनाने. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले.

दोन्ही कथांमधली वर्षे मोजून पाहावीत. पेटकरांना गोळी लागली ते १९६५ साल आणि पदक मिळाले ते १९७२, म्हणजे सात वर्षे. सेमांच्या बाबतीत पाय गेल्यापासून हाती गोळा येईपर्यंतच चौदा वर्षे आणि पदकापर्यंत बावीस वर्षे. मधल्या काळाचे छायाचित्र कोणी काढत नाही. त्या काळात रुग्णालयाचा बिछाना होता, वेतन चालू राहणे होते, जयपूर फूटपासून चाकाच्या खुर्चीपर्यंतची साधने होती, सोबतीला तशाच जखमा सोसलेले सहकारी होते आणि ‘हे करून बघ’ असे सांगणारा एखादा माणूस होता. विकास जखमेतून आपोआप उगवला नाही. या आधारांच्या मशागतीतून तो हळूहळू वर आला.

मेजर जनरल इयान कार्डोझो यांचेही उदाहरण येथे घ्यायला हवे. १९७१ च्या युद्धात सिल्हेटच्या लढाईत सुरुंगावर पाय पडल्यावर त्यांनी स्वतःच्या खुकरीने तो छिन्नभिन्न पाय कापून टाकला. त्या प्रसंगाची आठवण सर्वत्र सांगितली जाते. खरे तर त्यानंतरची लढाई अधिक लांबली. कृत्रिम पाय असलेला अधिकारी लढाऊ तुकडीचे नेतृत्व करू शकतो, हे त्यांना आपल्याच सेनेला पटवून द्यावे लागले. तुकडीचे आणि पुढे ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ते युद्धात अपंगत्व आलेले पहिले भारतीय अधिकारी ठरले. निवृत्तीनंतर त्यांनी भारतीय पुनर्वास परिषदेचे अध्यक्षपद सांभाळले. स्वतःची जखम इतरांच्या पुनर्वसनाच्या कामी लावणे हे आघातोत्तर विकासाचे फार स्पष्ट रूप आहे. पण व्यवस्थेने दार उघडले नसते, तर त्या विकासाला वाटच मिळाली नसती.

मोजमापातील खोट

आघातोत्तर विकासाच्या संशोधनावर गंभीर आक्षेपही आहेत आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत. ‘तुम्ही बदललात का?’ असे विचारल्यावर माणूस आपल्या आधीच्या रूपाची आठवण काढून उत्तर देतो, आणि स्मृती ही फारशी विश्वासू साक्षीदार नसते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या पॅट्रिशिया फ्रेझियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांची आघातापूर्वीची आणि नंतरची स्थिती प्रत्यक्ष मोजून पाहिली. विद्यार्थ्यांनी सांगितलेला विकास आणि प्रत्यक्षात मोजलेला बदल यांचा मेळ बसला नाही. याचा अर्थ माणसे खोटे बोलत होती, असा नव्हे. आपल्या दुःखाला काही अर्थ होता, असे मानण्याची गरज माणसाला जगवते. ती गरज आणि खरा बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच.

इस्रायलमधील झाहावा सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १९७३ च्या युद्धातील युद्धकैद्यांचा कित्येक दशके पाठपुरावा केला. तणावविकार आणि विकास यांचा प्रवास बरोबरीने चालतो, किंबहुना आधीचा तणाव हाच पुढच्या विकासाची चाहूल ठरतो, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. म्हणजे विकास झाल्याचे सांगणारा माजी सैनिक उपचारांच्या बाहेर गेला, असे म्हणण्यास कोणताच आधार उरत नाही.

हा मुद्दा केवळ विद्यापीठीय नाही. ‘दुःखातून माणूस मोठा होतो’ हे वाक्य प्रशासनाच्या तोंडी गेले, की त्याचे रूपांतर अपेक्षेत होते. धावपट्टीवर धावणारा एक पाय नसलेला माजी सैनिक प्रजासत्ताकदिनाच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून शोभतो. घराच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून बसणारा त्याचाच सहकारी कोणाला दाखवावासा वाटत नाही. मग दुसऱ्याच्या मनात अपराधी भावना येते : तो करू शकला, मी का नाही? टाकीच्या घावाने एखादा दगड तडकला, तर दोष दगडाला देणारी ही दृष्टी आहे.

कागदावरची जखम

सरकारी व्यवहारात जखमेचे मूल्य कागदावर ठरते. ती सेवेमुळे झाली की नाही, तिचे प्रमाण किती टक्के, हे वैद्यकीय मंडळ सांगते. १९९० च्या दशकात सेवेतून काढण्यात आलेल्या धरमवीर सिंग या जवानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एक महत्त्वाचे सूत्र मांडले. भरतीच्या वेळी ज्याच्या नोंदीत आजार नव्हता, त्याला तो नंतर जडला, तर तो सेवेमुळेच जडला असे मानण्याकडे कल असावा. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे आणि संशयाचा फायदा सैनिकाला मिळावा. तरीही अशा प्रकरणांत माजी सैनिकांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये अपंगत्व व मृत्यूविषयक लाभांचे नियम नव्याने लागू झाले, तेव्हाही हक्क आकसतो आहे काय, यावर माजी सैनिकांच्या वर्तुळात मोठा वाद झाला.

शरीरावरच्या जखमेला निदान तारीख आणि ठिकाण असते. दुःस्वप्नाला ते नसते. तणावविकाराची पूर्ण लक्षणे घटनेनंतर सहा महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसू शकतात, हे वैद्यकशास्त्र मान्य करते. आता अग्निवीराचा विचार करा. सेवेमुळे अपंगत्व आल्यास १००, ७५ आणि ५० टक्के या तीन टप्प्यांनुसार अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपयांची एकरकमी मदत आणि उरलेल्या काळाचे वेतन, अशी तरतूद योजनेत आहे. ती आवश्यकच आहे. पण चार वर्षे पूर्ण करून, सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन, धडधाकट म्हणून घरी परतलेल्या तरुणाची झोप पाचव्या वर्षी उडाली, तर त्याने कोणाच्या दारात जायचे? माजी सैनिकांची आरोग्य योजना त्याला मूळ अटींनुसार लागू नाही. त्याच्याजवळ सात वर्षांचा किंवा चौदा वर्षांचा तो मधला काळ नाही, ज्यात पेटकर आणि सेमा उभे राहिले.

दार कसे उघडते, याचे ताजे उदाहरणही समोर आहे. लष्करी प्रबोधिनींमध्ये प्रशिक्षण घेताना जखमी होऊन बाहेर पडावे लागलेले छात्र वर्षानुवर्षे कोणत्याच यादीत बसत नव्हते. ते अधिकारी झाले नव्हते, म्हणून माजी सैनिकही नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत समाविष्ट केले. जे छात्रांच्या बाबतीत घडले, ते अग्निवीरांच्या बाबतीत न्यायालयाच्या हस्तक्षेपाशिवाय घडू शकते. किमान मानसिक आरोग्यापुरती ही योजना त्यांना काही वर्षांसाठी खुली करणे, हा पहिला टप्पा असू शकेल.

गोव्याला काय करता येईल

सैनिकाच्या मनाला सर्वाधिक आधार दुसऱ्या सैनिकाचा असतो. महूसारख्या छावणीच्या गावात तो न मागता मिळतो. बाजारात, दवाखान्यात, सकाळी फिरायला जाताना, तेच जगून आलेला कोणीतरी भेटतो. साताऱ्यातील अपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापुरातील सैनिक टाकळी या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून माणसे फौजेत गेली; तिथल्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला तरुणाची गप्प बसण्याची तऱ्हा बरोबर कळते. गोव्याची परिस्थिती वेगळी आहे. आपल्याकडे सैनिक संख्येने कमी आणि विखुरलेले. सत्तरीतल्या एखाद्या वाड्यावर परतलेला जवान त्या वाड्यावरचा एकटाच माजी सैनिक असू शकतो. त्याच्या कुटुंबाला ‘तो तिथून आल्यापासून बदलला’ एवढेच कळते. का बदलला, हे विचारायला शब्द नसतात.

मात्र गोव्याजवळ एक असे भांडवल आहे, जे मोठ्या राज्यांजवळ नाही. १९९६ मध्ये येथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात जगाला एक मार्ग दाखवला. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी काही बैठकांत समुपदेशन केले, तर तीव्र नैराश्य कमी होते आणि पुरुषांमधील घातक मद्यपानालाही आळा बसू शकतो, हे गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या चाचण्यांतून दिसले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माजी सैनिकांपुढचे दोन मोठे प्रश्न हेच आहेत. एक मनाची मरगळ, दुसरा ती बुडवण्यासाठी हाती घेतलेला पेला.

या अनुभवाला एक पुढचे पाऊल जोडता येईल. राज्याच्या सैनिक कल्याण यंत्रणेने इच्छुक माजी सैनिकांची निवड करावी, बांबोळीच्या मनोविकार संस्थेने आणि अशा अनुभवी संस्थांनी त्यांना प्रशिक्षण द्यावे, आणि परतणाऱ्या प्रत्येक अग्निवीराच्या घरी पहिल्या वर्षात यांपैकी एकाने ठरावीक वेळा जावे. भाषा कोकणी असो वा मराठी, बोलणारा माणूस खंदकात बसलेला असावा. अशा भेटीला ‘उपचार’ हे नावही देण्याची गरज नाही. गोव्यासारख्या लहान राज्यात परतणाऱ्यांची यादी लहान असेल, आणि म्हणूनच ती एकेका नावाने सांभाळणे शक्य आहे. यात जे प्रशिक्षण घेतील त्या माजी सैनिकांचाही लाभ आहे; दुसऱ्याला उपयोगी पडणे हाच विकासाचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, हे कार्डोझो यांच्या आयुष्यातून दिसतेच.

दुसरी गोष्ट कामाची. परतलेल्या जवानासाठी आपल्याजवळ बहुतेकदा एकच कल्पना असते : एखाद्या इमारतीच्या किंवा हॉटेलच्या फाटकावर रखवालदाराची नोकरी. ती प्रतिष्ठेची नाही, असे कोणी म्हणू नये. पण ज्याने संदेशयंत्रणा सांभाळली, जड वाहने चालवली, आणीबाणीत माणसे हलवली, त्याला आपत्ती व्यवस्थापन, अग्निशमन, किनाऱ्यावरील जीवरक्षण अशी हेतूची जाणीव देणारी कामे मिळाली, तर त्याच्या चार वर्षांना पुढचा अर्थ लाभेल.

तिसरी गोष्ट कुटुंबाची. ज्या घरात माणूस परततो, त्या घरातील आईला किंवा पत्नीला कोणती लक्षणे दिसल्यास मदत मागावी, हे सांगणारे कोणी हवे. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्षही सुरू झाला. पंचायतीच्या फलकावर हा क्रमांक लिहायला निधी लागत नाही.

महूच्या संस्थांतून दरवर्षी तरुण अधिकारी बाहेर पडतात. सीमेवर जाणारा कोण आणि जखमी होऊन परतणारा कोण, हे त्यांच्या हाती नसते. परतणाऱ्यासाठी काय वाढून ठेवले आहे, हे मात्र आपल्या हाती आहे. टाकीच्या घावांची म्हण खोटी नाही. तिच्यात एक माणूस अध्याहृत राहिला आहे. दगडावर पडणारा प्रत्येक घाव देव घडवत नाही. शिल्पकाराच्या हातून, वेळ देऊन, दगडाची नस ओळखून पडलेला घावच मूर्ती घडवतो. युद्धातल्या घावाला असा कोणी शिल्पकार नसतो; तो आंधळेपणाने पडतो. नंतरचे शिल्पकाम आपल्याला करायचे असते. पानिपताच्या वाटेवर राणेखानाने जखमी तरुणाला ‘यातून तू मोठा होशील’ असे सांगितले असेल, असे वाटत नाही. त्याने बैल थांबवला.